यांबुकूच्या पाच सिरिंज

काँगो नदीच्या उत्तर काठावर बुंबा नावाचे एक बंदर आहे. तेथून लाल मातीचा एक रस्ता उत्तरेकडे जंगलात शिरतो आणि सुमारे शंभर किलोमीटरवर यांबुकू हे गाव लागते. अंतर म्हणाल तर पुण्याहून साताऱ्याला जावे तेवढेच. पण हा विषुववृत्तीय वर्षावनाचा मुलूख आहे. वर्षाचे बहुतेक महिने पाऊस, चिखलात रुतणारे ट्रक, दोन्ही बाजूंना झाडांची भिंत आणि मध्येच कसाव्याची व मक्याची शेते, मातीच्या भिंतींच्या घरांची एखादी वस्ती. १९७६ मध्ये या बुंबा विभागात पावणेतीन लाखांच्या आसपास लोक राहत होते, तेही बहुतांशी अशा विखुरलेल्या खेड्यांत. देशाचे नाव तेव्हा झाईर होते, आज ते काँगो लोकशाही प्रजासत्ताक आहे.

इबोला या विषाणूची जगाला पहिली ओळख झाली ती या गावात. इबोला म्हटले की घनदाट जंगल, माकडे, वटवाघळे आणि जंगलातून निघालेला अज्ञात शत्रू असे चित्र डोळ्यांसमोर येते. चित्रपटांनी आणि थरारक पुस्तकांनी ते पक्के केले आहे. विषाणू जंगलातून आला असणार, हे खरेच. पण एका माणसाला होऊन थांबू शकला असता असा आजार दोन महिन्यांत २८० जणांचा बळी घेऊन गेला, त्याचे कारण जंगलात सापडत नाही. ते गावातल्या रुग्णालयाच्या एका ट्रेमध्ये सापडते.

यांबुकूचे कॅथलिक मिशन बेल्जियन धर्मप्रसारकांनी १९३५ मध्ये उभारले. चर्च, शाळा आणि १२० खाटांचे रुग्णालय असा त्याचा पसारा होता. रुग्णालयात सतरा कर्मचारी होते. त्यांत एक स्थानिक वैद्यकीय सहायक आणि परिचारिका व सुईण अशी दुहेरी कामे करणाऱ्या तीन बेल्जियन नन होत्या. पूर्णवेळ डॉक्टर नव्हता. तरीही दूरदूरच्या गावांतून लोक पायी चालत येथे येत, कारण येथे औषध मिळे. सरकारी दवाखान्यांत फळ्या रिकाम्या असताना मिशनच्या कपाटात क्लोरोक्विन असे, प्रतिजैविके असत. बाह्यरुग्ण विभागात दरमहा सहा ते बारा हजार रुग्ण तपासले जात. आपल्याकडच्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयालाही हा आकडा जड जाईल. यांबुकूचे रुग्णालय वाईट नव्हते, लोकांच्या विश्वासाला ते पात्र होते. पुढची सगळी हकिकत ही गोष्ट लक्षात ठेवून वाचायला हवी.

रोज सकाळी तेथील परिचारिकांना पाच सिरिंज आणि पाच सुया मिळत. बाह्यरुग्ण विभाग, वॉर्ड आणि प्रसूतिकक्ष या सगळ्यांसाठी मिळून दिवसभराच्या त्या पाच. एकाला टोचून झाले की सुई कोमट पाण्याच्या भांड्यात विसळायची आणि पुढच्याला टोचायची. दिवस संपल्यावर कधी त्या उकळल्या जात, कधी नाही. शस्त्रक्रियागृहाची उपकरणे मात्र वेगळी ठेवलेली होती आणि ती वापरानंतर नीट ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केली जात. म्हणजे निर्जंतुकीकरण कशाला म्हणतात हे तेथे ठाऊक होते, साधनही होते. पोट उघडायचे तर निर्जंतुक साधन हवे, पण दंडात सुई टोचायला तेवढे कशाला, अशी काहीतरी प्रतवारी रोजच्या रेट्यात पडून गेली असावी. गर्दीच्या दवाखान्यात काम केलेल्या कोणालाही ती कशी पडते हे समजेल.

एवढी इंजेक्शने लागत तरी कशाला? याला आफ्रिकेच्या आरोग्यसेवेचा इतिहास कारणीभूत आहे. निद्रारोग आटोक्यात ठेवण्यासाठी बेल्जियन राजवटीत गावेच्या गावे रांगेत उभी करून टोचली गेली. पुढे १९५० च्या दशकात यॉज या त्वचेच्या आणि हाडांच्या आजारावर पेनिसिलिनची मोहीम आली. अंगभर चिघळलेल्या जखमा एका इंजेक्शनने आठवड्या-दोन आठवड्यांत सुकत. ज्यांनी तो चमत्कार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, त्यांचा गोळीवर विश्वास कसा बसावा? सुई म्हणजेच खरे औषध, हे समीकरण तेथून रुजले. यांबुकूत मलेरियाला इंजेक्शन होते, अशक्तपणाला होते, आणि तपासणीला येणाऱ्या गर्भवतींना शक्तीसाठी जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देण्याचा परिपाठ होता. त्या बिचाऱ्यांना कसलाही आजार नव्हता.

हे वाचताना आपल्याकडच्या खेड्यांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. ‘डॉक्टर, गोळ्या नकोत, एक सुई द्या’ आणि अलीकडे ‘एक सलाईन लावा, म्हणजे तरतरी येईल’ ही मागणी महाराष्ट्राच्या कोणत्याही तालुक्यात ऐकू येते. सुई न देणारा डॉक्टर हुशार नाही, असा समज असतो आणि तो समज जोपासणारेही असतात. यॉजची पेनिसिलिन मोहीम आपल्याकडेही झाली. भारत त्या आजारातून मुक्त झाल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले, सुईवरची श्रद्धा मात्र मागे उरली. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना काचेची सिरिंज, स्टीलचा चपटा डबा आणि त्यात खदखदणारे पाणी आठवत असेल. डबा पुरेसा वेळ उकळला की नाही हे कोणी घड्याळ लावून पाहत नसे.

२६ ऑगस्ट १९७६ रोजी यांबुकूच्या बाह्यरुग्ण विभागात मिशनच्या शाळेतील ४४ वर्षांचे एक शिक्षक ताप आला म्हणून आले. महिन्याच्या मध्यात ते मिशनच्या काही सहकाऱ्यांसोबत गाडीने उत्तरेकडच्या भागात फिरून आले होते. परतीच्या वाटेवर त्यांनी हरणाचे आणि माकडाचे मांस विकत घेतले होते. जंगलभागात ती काही विशेष गोष्ट नव्हती, तेथे शिकार हाच रोजच्या जेवणातला मांसाहार. त्या प्रदेशात ताप म्हणजे आधी मलेरिया. त्यांना क्लोरोक्विनचे इंजेक्शन दिले गेले आणि ताप उतरलाही. मग १ सप्टेंबरला तो पुन्हा चढला, आणि या वेळी औषधाला दाद देईना. ५ सप्टेंबरला त्यांना दाखल केले तेव्हा पोटातून रक्तस्राव होत होता. ८ सप्टेंबरला त्यांचा मृत्यू झाला.

हा पहिला नोंदलेला रुग्ण. त्यांना संसर्ग प्रवासातील मांसातून झाला, की २६ ऑगस्टला टोचलेल्या सुईतूनच, हे पुढच्या सखोल चौकशीतही ठरले नाही. त्याच सुमारास शेजारच्या सुदानमध्ये न्झारा या गावी कापसाच्या कारखान्यातून सुरू झालेली अशीच साथ चालू होती आणि तेथून बुंबापर्यंत माणूस चार दिवसांत पोहोचू शकत होता. त्यामुळे कोणी प्रवासी येथे इंजेक्शन घेऊन गेला असावा, असाही तर्क झाला. (दोन्ही साथींचे विषाणू एकाच कुळातील पण वेगळ्या जातींचे होते, हे नंतर स्पष्ट झाले.) सुरुवात कशीही झालेली असो, शिक्षकांच्या मृत्यूनंतर आठवड्याभरात जे आजारी पडू लागले, त्यांतल्या अनेकांच्या बाबतीत एक गोष्ट समान होती. त्यांनी त्या दिवसांत यांबुकूच्या रुग्णालयात इंजेक्शन घेतले होते.

आजाराची चाल ठरावीक होती. साधारण आठवडाभराने ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होई. तीन-चार दिवस तो मलेरिया वा विषमज्वरासारखाच वाटे. मग घसा इतका दुखे की थुंकी गिळवत नसे. अंगावर पुरळ उठे, पोटात असह्य कळा येत, उलट्या-जुलाब होत आणि शेवटी हिरड्यांतून, आतड्यांतून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त वाहू लागे. आणखी आठवड्याच्या आत बहुतेक रुग्ण दगावत.

सुईने एवढा अनर्थ का व्हावा, हे समजून घेण्यासारखे आहे. इबोलाचा विषाणू हवेतून पसरत नाही. तो रुग्णाच्या रक्तातून, उलटी-जुलाबातून, घामातून, मृतदेहाच्या स्पर्शातून दुसऱ्याकडे जातो, आणि धडधाकट त्वचा त्याला बऱ्यापैकी अडवते. यांबुकूच्या साथीत रुग्णाच्या संपर्कात आलेल्यांपैकी सरासरी फक्त पाच टक्के लोकांना लागण झाली. नवरा-बायको, आई-मूल, भावंडे अशा अगदी जवळच्या, रात्रंदिवस सेवा करणाऱ्या नातलगांतही हे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंतच गेले. गोवरासारख्या आजारापुढे हे काहीच नाही. नुसत्या संपर्काच्या जोरावर ही साथ फार वेगाने पसरू शकली नसती.

सुईने मात्र मधला सगळा अडसर काढून टाकला. त्या साथीतील एका रुग्णाचे रक्त आजाराच्या तिसऱ्या दिवसापासून मृत्यूपर्यंत तपासले गेले. सर्वाधिक प्रमाण असताना त्याच्या एका मिलिलिटर रक्तात विषाणूचे तीस लाखांच्या घरात संसर्गक्षम कण होते. सुईच्या पोकळीत मिलिलिटरचा शंभरावा भाग रक्त उरले, तरी पुढच्या माणसाच्या शरीरात हजारो कण थेट उतरतात. एवढ्या हल्ल्यापुढे प्रतिकारशक्तीला तयारी करायला वेळच मिळत नाही. केवळ इंजेक्शनमधून लागण झालेला एकही रुग्ण यांबुकूत वाचला नाही.

आणि खेदाची बाब अशी की हा विषाणू तसा नाजूक आहे. त्याच्याभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते, ते साध्या साबणानेही फाटते. पाच मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवले तर त्याचा मागमूस राहत नाही. कोमट पाण्याला मात्र तो दाद देत नाही.

सप्टेंबरच्या मध्याला रुग्णालयात खाटा पुरेनाशा झाल्या. बुंबाहून आलेल्या डॉक्टरांनी रुग्णांची लक्षणे टिपून वरिष्ठांना कळवले की हा काही नेहमीचा आजार दिसत नाही. तोवर कर्मचारीच पडू लागले होते. सतरापैकी अकरा जण मरण पावले. बाळंतिणी सोडवणाऱ्या, रक्ताने माखलेले कपडे धुणाऱ्या हातांना हातमोजे नव्हते. रुग्ण वॉर्ड सोडून घराकडे निघाले आणि आपापल्या गावी आजार घेऊन गेले. घरी मृत्यू झाला की बायका रूढीप्रमाणे प्रेत आतून-बाहेरून स्वच्छ करीत, आणि त्यातून पुढची लागण होई. साधारण चार आठवड्यांनी, चालवायला माणसेच उरली नाहीत म्हणून, रुग्णालयाला कुलूप लागले.

किन्शासाहून सप्टेंबरअखेरीस जे तज्ज्ञ यांबुकूला पोहोचले, त्यांत ज्याँ-जाक मुयेम्बे हे तरुण काँगोली विषाणुतज्ज्ञ होते. त्यांनी उघड्या हातांनी रुग्णांचे रक्त घेतले. सुई काढल्यावरही छिद्रातून रक्त वाहतच राहते, थांबत नाही, आणि आपली बोटे त्याने भरतात, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी साबणाने हात धुतले. आज मुयेम्बे ऐंशीच्या पुढे आहेत. ते वाचले यात नशिबाचा आणि त्या साबणाचा वाटा किती, हे कोण सांगणार! आजारी पडलेल्या एका ननला ते सोबत किन्शासाला घेऊन गेले. तिच्या रक्ताचा नमुना बर्फ घातलेल्या थर्मासमधून प्रवासी विमानाने बेल्जियममधील अँटवर्पला रवाना झाला.

२९ सप्टेंबरला तो थर्मास उघडला तेव्हा दोन बाटल्यांपैकी एक फुटलेली होती आणि बर्फ वितळला होता. तेथील प्रयोगशाळेत २७ वर्षांचे पीटर पिओट हे नव्याने रुजू झालेले डॉक्टर होते. पीतज्वराचा संशय होता, म्हणून हातमोज्यांपलीकडे फारशी काळजी कोणी घेतली नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मात्र लांब, वळलेला, गांडुळासारखा विषाणू दिसला. असा आकार तोवर एकाच विषाणूचा ठाऊक होता, १९६७ मध्ये जर्मनीत सापडलेल्या मारबुर्गचा. अमेरिकेत अटलांटा येथे झालेल्या तपासणीत हा त्याचा भाऊबंद पण वेगळा असल्याचे ठरले. गावाचे नाव दिले तर यांबुकूच्या माथी कायमचा कलंक लागेल, म्हणून त्या प्रदेशातील एका नदीचे नाव विषाणूला द्यायचे ठरले. ती नदी म्हणजे इबोला. हा शहाणपणा अनेक साथींच्या बाबतीत दाखवला गेलेला नाही.

ऑक्टोबरमध्ये कार्ल जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली आंतरराष्ट्रीय आयोग झाईरमध्ये उतरला. यांबुकूच्या मिशनमध्ये वाचलेल्या नन आणि पाद्री अतिथिगृहाभोवती दोरी बांधून आत बसले होते. पुढे येऊ नका, मराल, अशी सूचना लावलेली होती. साथीत रोगप्रतिबंधक कडे करावे असे कुठे तरी वाचलेले, म्हणून त्यांनी खरोखरच दोरीचे कडे केले होते.

आयोगाची खरी कामगिरी प्रयोगशाळेतील नव्हती. पथकांनी सुमारे ५५० गावे घरोघर फिरून तपासली, त्यांतील ५५ गावांत रुग्ण सापडले. कोण, केव्हा, कोणत्या वयाचा, आधी कुठे गेला होता, असे साधे प्रश्न विचारून माहिती जमवली गेली. एकूण ३१८ रुग्ण, २८० मृत्यू, वाचलेले अवघे ३८. म्हणजे शंभरातले ८८ दगावले. मग कागदावर आकडे मांडल्यावर एक विचित्र बाब दिसली. आजारी पडणाऱ्यांत १५ ते २९ वयोगटातील स्त्रियांचे प्रमाण सर्वांत जास्त होते. जंगलात शिकारीला जाणारे पुरुष असतात. विषाणू जंगलातून थेट गावोगाव येत असता, तर त्यांचे प्रमाण अधिक दिसायला हवे होते. तरुण स्त्रिया अशा कोणत्या ठिकाणी जात होत्या, जेथे बाकीचे तेवढे जात नव्हते?

उत्तर मिशनच्या गर्भवती तपासणीच्या दिवसात होते. संसर्गाचा मार्ग निश्चित करता आला अशा २८८ रुग्णांपैकी ८५ जणांना तो रुग्णालयातील इंजेक्शनमधून झाला होता. रुग्णांमधील ८२ स्त्रिया गर्भवती होत्या, त्यांतल्या ७३ गेल्या. जिवंत जन्मलेली अकरा बाळे तीन आठवडेही जगली नाहीत. या बायका निरोगी होत्या. बाळाची काळजी म्हणून, नीट तपासणी व्हावी म्हणून त्या मैलोन्‌मैल चालत आल्या होत्या. आरोग्यशिक्षणाच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी सगळे बरोबर केले होते.

ननना हे सांगण्याचा प्रसंग पथकातील लोकांना फार जड गेला असणार. वर्षानुवर्षे जंगलात राहून, स्वतःच्या सहकारी भगिनी गमावून केलेल्या सेवेचा हा निष्कर्ष होता. त्यांना दोषी ठरवणे सोपे आहे, पण पाच सिरिंजचा हिशेब एकट्या परिचारिकेचा नसतो. दिवसाला शेकडो रुग्ण आणि हाताशी पाच सुया, हे प्रमाण कोणीतरी वर्षानुवर्षे चालू दिलेले असते.

आयोग पोहोचला तेव्हा साथ ओसरत आली होती. २४ ऑक्टोबरनंतर नवा रुग्ण नव्हता. एक कारण उघड आहे. रुग्णालय बंद झाले आणि सुया थांबल्या. दुसरे कारण गावकऱ्यांचे स्वतःचे होते. देवीच्या साथींचा अनुभव असलेल्या वडीलधाऱ्यांनी रस्त्यांवर अडथळे टाकले, येणे-जाणे बंद केले आणि आजाऱ्याला गावाबाहेरच्या झोपडीत ठेवून त्याच्याशी संपर्क मोजक्या माणसांपुरता राखला. शिक्षण कमी, प्रयोगशाळा नाही, विषाणूचे नाव माहीत असण्याचा प्रश्नच नाही, पण विलगीकरणाचे तत्त्व त्यांना पक्के ठाऊक होते. ‘मागास’ म्हणून ज्यांना बाजूला सारले जाते त्यांच्याकडे साथीच्या काळात अनेकदा असे उपयोगी शहाणपण असते. त्यांना समजावण्याआधी त्यांचे ऐकून घ्यावे, हे जागतिक आरोग्ययंत्रणेला उमगायला पुढे चाळीस वर्षे लागली.

राजधानीत काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. यांबुकूहून किन्शासाच्या रुग्णालयात आणलेली नन वारली. तिच्यासोबत आलेली दुसरी नन आणि तिची सेवा करणारी स्थानिक परिचारिका, याही दगावल्या. ती परिचारिका आजारी अवस्थेत शहरात हिंडली होती, त्यामुळे लाखोंच्या वस्तीत हाहाकार माजणार अशी भीती होती. तसे झाले नाही. रुग्णांचे विलगीकरण झाले, गाऊन-हातमोजे-मास्क वापरले गेले, संपर्कातील लोकांवर नजर ठेवली गेली, आणि साखळी तेथेच तुटली. दुर्गम जंगलात तीनशे रुग्ण आणि गर्दीच्या महानगरात तीन, विषाणू मात्र तोच.

प्रगत प्रयोगशाळेचीही एक आठवण नोंदवायला हवी. ५ नोव्हेंबर १९७६ रोजी इंग्लंडमधील पोर्टन डाउन येथे या विषाणूवर काम करणाऱ्या एका संशोधकाच्या अंगठ्यात हातमोज्यातून सुई गेली. त्याने तत्काळ हात जंतुनाशकात बुडवला. तरी सहाव्या दिवशी ताप आला. इंटरफेरॉन आणि बऱ्या झालेल्या आफ्रिकी रुग्णांच्या रक्तातील द्रव देऊन त्याच्यावर उपचार झाले आणि तो वाचला.

बऱ्या झालेल्यांच्या रक्तात औषध असते, ही कल्पना मुयेम्बे यांनी सोडली नाही. १९९५ मध्ये किकवित शहरात इबोलाची साथ आली. ३१५ रुग्ण झाले, आणि तेथेही एका रुग्णावर केलेली पोटाची शस्त्रक्रिया हा आजार रुग्णालयात पसरण्यास कारण ठरली. मुयेम्बे यांनी बऱ्या झालेल्यांचे रक्त आठ रुग्णांना दिले, सात वाचले. एवढ्या लहान गटावरून निष्कर्ष काढता येत नाही, असे त्या वेळी म्हटले गेले आणि ते शास्त्राला धरूनच होते. पण किकवितमधून वाचलेल्या एका व्यक्तीच्या रक्तपेशींवरून पुढे एक प्रतिपिंड तयार करण्यात आले. २०१८-१९ मध्ये काँगोच्या पूर्व भागातील साथीत ६८१ रुग्णांवर चार औषधांची तुलना झाली. त्यात हे प्रतिपिंड आणि अशाच प्रकारचे दुसरे एक औषध यांनी मृत्यूचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर आणले. लवकर, रक्तात विषाणू कमी असताना आलेल्यांत तर शंभरातले जवळपास नव्वद वाचले. दोन्ही औषधांना २०२० मध्ये मान्यता मिळाली. लस त्याआधी वर्षभर मान्य झाली होती.

रुग्णालय बंद करून साथ थांबली, या वाक्याला दुसरी बाजूही आहे. दरमहा हजारो लोक जेथे येत, ते दार बंद झाल्यावर मलेरियाने फणफणलेले मूल कुठे गेले? अडलेली बाळंतीण कुठे गेली? त्याची मोजदाद यांबुकूच्या आकडेवारीत नाही. २०१४ ते २०१६ या काळात गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत २८ हजारांहून अधिक लोकांना इबोला झाला आणि अकरा हजारांवर मृत्यू झाले. तेव्हा हा प्रश्न मोठ्या प्रमाणात समोर आला. पाचशेहून अधिक आरोग्य कर्मचारी दगावले, दवाखाने ओस पडले, लसीकरण थांबले, बाळंतपणे पुन्हा घरी होऊ लागली. लोक रुग्णालयाला घाबरत होते, आणि त्यांची भीती अडाणीपणाची नव्हती.

आपल्याकडे इबोला नाही. सुईने पसरणाऱ्या काविळीच्या ब आणि क प्रकारांचे विषाणू मात्र आहेत, एचआयव्ही आहे. ते इबोलासारखे आठवड्यात मारत नाहीत, दहा-वीस वर्षांनी यकृत निकामी करतात, त्यामुळे कोणत्या दवाखान्यातील कोणती सुई हे कोणाला आठवत नाही. या शतकाच्या सुरुवातीला देशभर झालेल्या एका पाहणीत वर्षाला सुमारे तीनशे कोटी इंजेक्शने दिली जातात आणि त्यांतील साठ टक्क्यांहून अधिक असुरक्षित असतात, असे आढळले होते. २००९ मध्ये शेजारच्या गुजरातेत मोडासा परिसरात ब प्रकारच्या काविळीची साथ येऊन अनेकांचे प्राण गेले. तपासाचा रोख पुन्हा वापरलेल्या सिरिंजवर होता. सरकारी लसीकरणात २००५ पासून एकदा वापरल्यावर आपोआप अडकणाऱ्या सिरिंज आल्या. दांडा पुन्हा मागे ओढताच येत नाही, त्यामुळे कर्मचाऱ्याची दमणूक, घाई वा काटकसर यांवर काही सोडलेले नसते. लसीकरणाबाहेरच्या, खासगी दवाखान्यांतल्या इंजेक्शनांबाबत अजूनही डोळे उघडे ठेवावे लागतात. सिरिंजचे सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगण्यात कोणताही संकोच बाळगू नये. अनेक बाह्यद्रव्याच्या कुप्यांमधून औषध काढतानाही सुई नवी हवी, जुन्या सुईवर नुसती सिरिंज बदलून भागत नाही. आणि त्याहून आधी, हे इंजेक्शन मला खरोखर लागते का, गोळीने भागणार नाही का, हे डॉक्टरांना विचारावे. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

काँगोचे वर्षावन अजून तेथेच आहे आणि त्यातील विषाणूही. फळे खाणाऱ्या काही वटवाघळांत त्याच्या खुणा सापडल्या आहेत. मे २०१७ मध्ये यांबुकूच्या बाजूच्याच वनप्रदेशात, लिकाती या भागात इबोलाचे रुग्ण सापडले. किन्शासापासून तेराशे किलोमीटरवरचा हा मुलूख इतका दुर्गम की पथके हेलिकॉप्टरने उतरून पुढे मोटारसायकलवर गेली. एकूण आठ रुग्ण, चार मृत्यू. लस तेव्हा हाताशी होती, पण वापरावी लागली नाही. विलगीकरण, संपर्कातील लोकांचा शोध, हातमोजे आणि स्थानिक कर्मचाऱ्यांची सावधगिरी एवढ्यावर जुलैच्या दुसऱ्या तारखेला साथ संपल्याचे जाहीर झाले.

यांबुकूचे रुग्णालय पुढे पुन्हा सुरू झाले. साथीला चाळीस वर्षे होत आली तेव्हा संशोधकांचे एक पथक १९७६ मध्ये वाचलेल्यांना शोधत त्या भागात पोहोचले. चौदा जण सापडले, आता वृद्ध झालेले. त्यांच्या रक्ताची तपासणी झाली. चौदाही जणांच्या रक्तात इबोलाची ओळख अजून शिल्लक होती, आणि त्यांतल्या काहींच्या रक्तातील प्रतिपिंडे चार दशकांनंतरही त्या विषाणूला निष्प्रभ करू शकत होती.